दारात कोणीच नव्हतं

फोन आला तेव्हा सकाळचे पावणेसात वाजले होते. जुन्नर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संकलन केंद्राचे सचिव बोलत होते.

"साहेब, तुमचं मशीन चालू आहे ना?"

"काका, ते तुम्हीच सांगा. हिरवा दिवा लुकलुकतोय का?"

"दिवा झकास लुकलुकतोय. दूध कोमट आहे."

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत एम्बेडेड सॉफ्टवेअर लिहितो. गावोगावच्या केंद्रांत दूध थंड करणाऱ्या मोठ्या स्टीलच्या टाक्या असतात, तिथे त्यांना सगळे बीएमसी म्हणतात. त्या टाकीच्या कंट्रोल बोर्डाचा प्रोग्रॅम लिहिणं हे माझं काम. संध्याकाळचं दूध गाई-म्हशीच्या अंगाच्या उबेनं येतं. ते लवकरात लवकर ४ अंशांवर आणायचं आणि टँकर येईपर्यंत तिथेच धरून ठेवायचं, एवढंच बोर्डाला करायचं असतं. त्या रात्री ते झालं नाही. टँकरवाल्यानं नमुना उकळून पाहिला, तो फुटला, आणि टँकर पुढच्या गावाला निघून गेला. टाकीत गावातल्या सगळ्यांचं मिळून अकराशे लिटर दूध होतं.

बोर्डाच्या मेमरीतली शेवटची नोंद होती: सायंकाळी ७:५२, व्होल्टेज कमी, कॉम्प्रेसर बंद. इथपर्यंत सगळं बरोबर. व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर बंद करायचा आणि गॅसचा दाब समान व्हायला ३ मिनिटं देऊन, व्होल्टेज सुधारलं असेल तर पुन्हा सुरू करायचा, असं मीच लिहिलं होतं. ती ३ मिनिटं रात्रभर संपलीच नाहीत. दिवा मात्र रात्रभर लुकलुकत होता.

या घोळाचं मूळ सापडायला आम्हाला ९ दिवस लागले. ते सापडेपर्यंत, आणि नंतरही, मी ज्या गोष्टीबद्दल मिळेल ते वाचत सुटलो तिचं नाव स्प्युरियस इंटरप्ट. कोणीही हाक मारलेली नसताना प्रोसेसरला ऐकू आलेली हाक. तिचा इतिहास जवळजवळ कॉम्प्युटरइतकाच जुना आहे आणि माझ्या कॉलेजच्या पुस्तकात त्याला दोन ओळीही नव्हत्या.

आधी इंटरप्ट म्हणजे काय ते सांगतो. गॅसवर दूध ठेवलं की आपण तिथेच उभे राहून बघत बसतो, कारण दूध उतू जाण्याआधी सांगत नाही. कुकर लावला की आपण बाहेर येऊन मोबाइल बघतो, कारण शिट्टी होणार असते. दर थोड्या वेळानं जाऊन बघणं म्हणजे पोलिंग, शिट्टीवर भरवसा ठेवून दुसरं काम करणं म्हणजे इंटरप्ट. प्रोसेसर आपलं काम करत असतो. कीबोर्ड, सेन्सर, टायमर यांपैकी कोणीतरी एक तार वर उचलतं. प्रोसेसर हातातलं काम तिथेच खूण घालून ठेवतो, त्या तारेसाठी लिहून ठेवलेला छोटा प्रोग्रॅम (त्याला हँडलर म्हणतात) चालवतो आणि परत येऊन जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू करतो.

आता फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुणालाही विचारा, तीन शिट्ट्या मोजताना एक शेजारच्यांची मोजली गेली तर काय होतं. वरण कच्चं राहतं.

ही शिट्टीची कल्पना १९५० च्या दशकातली. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सनं १९५४ मध्ये डायसॅक नावाचा, ट्रेलरवर चढवून नेता येणारा कॉम्प्युटर बांधला. बाहेरच्या उपकरणाच्या इशाऱ्यावर चालू काम सोडून दुसऱ्या कामाकडे वळणाऱ्या पहिल्या यंत्रांत त्याचं नाव घेतात. दोनेक वर्षांनी युनिव्हॅक ११०३ए आला. क्लीव्हलँडच्या प्रयोगशाळेत विंड टनेलमधल्या प्रयोगांची मापं घेताना त्यावर इंटरप्ट वापरले गेले. विंड टनेल चालवायला प्रचंड वीज लागते. तो चालू असेल तेव्हा कॉम्प्युटरनं हातातलं सोडून त्याच्याकडे लक्ष द्यायचं, बाकी वेळी इतर गणितं करायची, असा हिशोब.

मला यात सगळ्यात जवळचा वाटला तो डाइक्स्ट्रा. नकाशावरचा सर्वात जवळचा रस्ता काढणाऱ्या अल्गोरिदममुळे इंजिनिअरिंगला ज्याचं नाव पाठ करावं लागतं तोच. १९५७ च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये लूपस्ट्रा आणि स्खोल्टन हे त्याचे सहकारी एक्स-१ नावाचं नवं यंत्र आखत होते. त्यांनी त्यात इंटरप्ट घालायचं ठरवलं आणि प्रोग्रॅम लिहिणारा डाइक्स्ट्रा घाबरला. पुढे त्यानं स्वतःच हे लिहून ठेवलंय. त्याची भीती अगदी रास्त होती. तोपर्यंत प्रोग्रॅम चुकला तर तो पुन्हा चालवला की पुन्हा तसाच चुकायचा. मग तुम्ही शांतपणे चूक शोधायचात. पण बाहेरचा कोणी कोणत्याही क्षणी मध्येच हाक मारू शकत असेल, तर प्रोग्रॅम एकदा चुकेल आणि पुढच्या शंभर वेळा बरोबर चालेल. मग दाखवायचं काय आणि शोधायचं काय? त्यानं बरेच दिवस होकार लांबवला, मग सहकाऱ्यांनी त्याला चढवून तयार केला, आणि त्या कामावर त्याला १९५९ मध्ये पीएचडी मिळाली. आम्ही ऑफिसात बोर्ड टेबलावर ठेवून ६ दिवस सलग चालवला. एकदाही अडकला नाही. त्या आठवड्यात मला डाइक्स्ट्राची फार आठवण यायची.

सुरुवातीच्या स्वस्त यंत्रांत एक साधी पद्धत होती. १९६५ चा पीडीपी-८ घ्या. त्यात सगळ्या उपकरणांची मिळून एकच तार. ती वाजली की प्रोग्रॅमनं एकेकाला विचारत जायचं: टाइपरायटर, तू का? टेप, तू का? घड्याळ, तू का? यादी संपली आणि कोणीच हो म्हटलं नाही तर काय करायचं, ते ज्यानं त्यानं ठरवायचं. शहाणे लोक गुपचूप परत जायचे. काही जण तिथे यंत्र थांबवायची सूचना लिहायचे, कारण असं घडणारच नाही असं त्यांना वाटायचं. "असं घडणारच नाही" हे वाक्य लक्षात ठेवा, ते माझ्याही फाइलमध्ये होतं.

खोट्या हाकांची सगळ्यात गाजलेली गोष्ट मात्र चंद्रावरची. २० जुलै १९६९, अपोलो ११ चं यान उतरत असताना कॉम्प्युटरवर १२०२ हा इशारा झळकला. उतरेपर्यंत असे इशारे पाच वेळा आले, त्यातला एक १२०१ होता. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांना त्या आकड्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. ह्यूस्टनमध्ये उतरायचं की परत फिरायचं हे सांगायची जबाबदारी २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्सवर होती आणि त्याला मागून सल्ला देणारा जॅक गार्मन २४ वर्षांचा होता. (मी २८ वर्षांचा आहे आणि मला रिलीज करायच्या आधी तिघांची परवानगी लागते.)

झालं असं होतं. वर कक्षेत फिरणाऱ्या मुख्य यानाला शोधण्यासाठी खालच्या यानावर एक रडार होतं. उतरताना त्याचं काही काम नव्हतं, पण ते सुरू होतं आणि त्याचा स्विच अशा जागी होता की कॉम्प्युटर त्यावर नियंत्रण ठेवत नव्हता. रडारच्या कोनाचे संकेत आणि कॉम्प्युटरकडचा संदर्भ या दोन्हींचा वीजपुरवठा ८०० हर्ट्झचा, पण त्यांच्या लाटा एकमेकींशी जुळलेल्या नव्हत्या. त्यामुळे स्थिर असलेला कोन सतत इकडेतिकडे होतोय असं मधल्या सर्किटला वाटत राहिलं आणि ते कॉम्प्युटरला "एक वाढव, एक कमी कर" असे संकेत पाठवत बसलं. दोन कोनांचे मिळून सेकंदाला १२,८०० पर्यंत. तांत्रिकदृष्ट्या हे इंटरप्ट नव्हते. प्रत्येक संकेतासाठी हार्डवेअर प्रोसेसरचा एक छोटा क्षण चोरत होतं, हँडलर चालत नव्हता. पण जात एकच: ज्याची गरज नाही त्याची हाक. या चोरीत कॉम्प्युटरचा १३ ते १५ टक्के वेळ गेला आणि उतरण्याच्या प्रोग्रॅमनं तेवढा वेळ शिल्लकच ठेवला नव्हता. आधीचं काम संपायच्या आत पुढचं सुरू व्हायला लागलं, कामांसाठी राखलेल्या जागा भरल्या आणि इशारा आला.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एमआयटीतल्या लोकांनी, ज्यांत मूळ रचना करणारा हॅल लेनिंग होता आणि मार्गारेट हॅमिल्टन, डॉन आइल्स होते, कॉम्प्युटर असा घडवला होता की जागा संपली तर त्यानं स्वतःला झटकन नव्यानं सुरू करावं, महत्त्वाची कामं जिथे होती तिथून उचलावीत आणि बाकीची सोडून द्यावीत. इंजिन चालवणं, दिशा धरणं हे चालू राहिलं. खोटी हाक कुठून येतेय हे त्या क्षणी कोणालाच माहीत नव्हतं आणि यान उतरवायला ते माहीत असण्याची गरजही पडली नाही. माझा बोर्ड मात्र एका हाकेनं रात्रभर जागेवर बसून राहिला.

आता घरच्या कॉम्प्युटरकडे येतो, कारण "स्प्युरियस इंटरप्ट" हे शब्द जगभरच्या स्क्रीनवर आणले ते एका छोट्या चिपनं. इंटेलची ८२५९. १९७० च्या दशकाच्या मध्यात ती आली आणि तिची सुधारलेली आवृत्ती १९८१ च्या आयबीएम पीसीत बसली. तिच्याकडे ८ तारा, ० ते ७. एखादी तार वर गेली की ती प्रोसेसरला हटकते. प्रोसेसर हातातली सूचना पुरी करून विचारतो, "कोण?" चिप नंबर सांगते.

आता मिस्ड कॉल आठवा. रिचार्ज महाग होता तेव्हा आपण सगळे एक रिंग देऊन कापायचो. समोरच्यानं फोन कानाला लावेपर्यंत लाइन बंद. ८२५९ च्या बाबतीत अगदी हेच होतं. तार वर गेली, चिपनं प्रोसेसरला हटकलं, प्रोसेसरनं "कोण?" विचारलं, तोपर्यंत तार खाली आलेली. कधी विजेच्या धक्क्यानं ती क्षणभरच उचललेली असते, कधी उपकरणानं हाक खरंच मारलेली असते पण दुसऱ्याच वाटेनं त्याचं काम होऊन गेलेलं असतं. फोनवर निदान "मिस्ड कॉल" असं लिहून येतं. चिपची पंचाईत अशी की प्रोसेसर उत्तराची वाट बघत ताटकळलेला आहे आणि तिच्याकडे आठच नंबर आहेत, आठही कोणा ना कोणाला दिलेले. "कोणीच नाही" यासाठी नंबरच नाही. मग ती ७ सांगते. हे तिच्या माहितीपत्रकात सरळ लिहिलेलं आहे. पीसीवर ७ नंबर पहिल्या प्रिंटर पोर्टचा. म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तारेवर काही खुट्ट झालं की प्रिंटरच्या हँडलरला उठवलं जायचं.

मग ७ चा हँडलर लिहिणाऱ्यानं काय करायचं? आधी चिपमधला एक रजिस्टर वाचून पाहायचा: खरंच ७ चं काम चालू आहे अशी नोंद आहे का? नसेल तर काहीही न करता परतायचं. "काहीही न करता" यातच मेख आहे. एरवी हँडलर संपताना चिपला "झालं" असा निरोप द्यावा लागतो. खोट्या ७ नंतर तो निरोप दिला तर चिप गप्प बसत नाही, त्या वेळी दुसरं कोणाचं खरंखुरं काम अर्धवट चालू असेल तर तेच संपलं असं समजते. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये अशा दोन चिप जोडल्या गेल्या आणि भानगड आणखी वाढली: दुसऱ्या चिपची खोटी हाक १५ नंबरवर येते, तेव्हा दुसरीला निरोप द्यायचा नाही पण पहिलीला द्यायचाच, कारण पहिलीला दुसरीनं खरोखर हटकलेलं असतं. हौसेनं स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारी पोरं आजही या जागी ठेच खातात. मीही खाल्ली आहे, थर्ड इयरला.

मोटोरोलाच्या लोकांनी हे आधीच ओळखलं होतं म्हणायचं. त्यांच्या १९७९ च्या ६८००० प्रोसेसरमध्ये "कोण?" या प्रश्नाला उत्तरच आलं नाही तर जायचं ठिकाण वेगळं राखलेलं आहे, व्हेक्टर क्रमांक २४, आणि त्याचं अधिकृत नावच स्प्युरियस इंटरप्ट. नंतरच्या चिपांनी हा धडा घेतला. आर्मच्या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये "कोणीच नाही"चा नंबर १०२३ आहे. रिस्क-फाइव्हच्या कंट्रोलरमध्ये तो शून्य. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आर्मचा प्रोसेसर असेल तर दारात कोणी नसतानाचं उत्तर त्याला ठाऊक आहे.

हे झालं क्षणभर वाजून थांबलेल्या बेलचं. सतत वाजत राहणाऱ्या बेलचं दुखणं वेगळं. पुण्यात जुन्या वाड्यांच्या दारावर "बेल एकदाच दाबावी, दार उघडेपर्यंत थांबावे" अशा अर्थाच्या पाट्या असतात. हार्डवेअरमध्ये या दोन्ही तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत तार वर जाण्याचा क्षण मोजतात. दुसरीत, जोवर काम होत नाही तोवर उपकरण तार वर धरूनच ठेवतं, जसं बेलवरचं बोट. दुसऱ्या तऱ्हेचा फायदा असा की एकाच तारेवर अनेक उपकरणं राहू शकतात. तोटा असा की बोट कोणाचं हे कोणालाच सापडलं नाही, तर हँडलर संपतो आणि त्याच क्षणी परत सुरू होतो. प्रोसेसर आयुष्यभर दार उघडत बसतो. (दुपारी एक ते चार इंटरप्ट बंद ठेवायची सोय प्रोसेसरमध्येही असते, पण खऱ्या हाकाही त्यात बुडतात. पुणेकरांना हे सांगायला नको.)

लिनक्सनं यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. २००३ साली, २.५ मालिकेत, प्रत्येक हँडलरनं उत्तर देणं सक्तीचं झालं: ही हाक माझी होती, किंवा नव्हती. एका तारेवरच्या सगळ्यांनी "माझी नव्हती" म्हटलं तर लिनक्स लगेच आरडाओरडा करत नाही. मोजतो. एका तारेवरच्या १ लाख हाकांपैकी ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाल्या तर ती तार बंद करतो आणि नोंद लिहितो: "नोबडी केअर्ड". कोणालाच पर्वा नव्हती. अधूनमधून येणाऱ्या तुरळक खोट्या हाका त्या मोजणीत धरतच नाहीत. दोन हाकांमध्ये एक दशांश सेकंदाहून जास्त अंतर पडलं की बेवारसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू. हा आकडा कुठल्या सिद्धांतातून आलेला नाही, अनुभवी माणसाच्या अंदाजातून आलाय, हे कोड वाचतानाच कळतं. आणि मला तो पटतो. हजारात एक खरी हाक सापडत असेल तर दार बंद करू नका, असं त्याचं म्हणणं आहे. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्स नावाची फाइल उघडून बघा. तळाशी स्प्युरियससाठी वेगळी ओळ आहे. बहुतेकांकडे ती शून्य असते. माझ्याकडेही.

तर आमचा बोर्ड. सहाव्या दिवशी मी बोर्ड टेबलावर आपटायच्या बेतात असताना आमच्या ऑफिसातले एक सीनियर, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, शेजारी येऊन बसले. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांनी ट्रान्सप्युटरवर काम केलंय. ट्रान्सप्युटर म्हणजे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे प्रोसेसर. पुण्याच्या इतिहासात त्यांना जागा आहे: अमेरिकेनं क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ केल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था पुण्यात स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिनं परम ८००० उभा केला, तो याच ट्रान्सप्युटरांची फौज जोडून.

सरांनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं. ट्रान्सप्युटरमध्ये आपल्याला सवय आहे तसा इंटरप्टच नव्हता. बाहेरची घटना म्हणजे एका चॅनलवर आलेला निरोप. एखादी प्रोसेस त्या चॅनलवर कान देऊन थांबलेली असेल तर ती जागी व्हायची आणि बाहेरच्याला पोच मिळायची. कोणीच कान दिलेला नसेल तर निरोप दाराबाहेर थांबायचा. तारेवर खुट्ट झालं तर यालाही खोटा निरोप मिळू शकतो, पण ज्याला कोणी वाली नाही असा हँडलर चालवायची वेळच यायची नाही.

"तुझ्या बोर्डात असा बेवारस किती आहेत?" सरांनी विचारलं.

"एकही नाही."

"फाइल उघड."

फाइल उघडली. आमचा प्रोसेसर आर्मच्या कॉर्टेक्स-एम जातीचा आहे. त्याच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये प्रत्येक इंटरप्टसाठी एक हँडलर असतो आणि ज्यासाठी तुम्ही काही लिहिलं नसेल त्यासाठी एक सामाईक हँडलर. तो कंपनीकडून येतो तसा ठेवला तर एकच काम करतो: जागच्या जागी गोल फिरत राहणं. का, तर प्रोग्रॅमरनं डीबगर लावून बघावं की चूक झालीय. जुन्नरच्या केंद्रात रात्री आठ वाजता डीबगर कोण लावणार? त्या हँडलरवर मी स्वतः कमेंट लिहिली होती की इथे कधीच येणार नाही.

बोर्डाच्या जुन्या आवृत्तीत एक पिन दरवाजाच्या स्विचला जोडलेली होती. नव्या आवृत्तीत स्विच काढला. मी हँडलरही काढला. इंटरप्ट सुरू करणारी एक ओळ काढायची राहिली. पिन हवेत मोकळी लोंबकळत राहिली. कॉम्प्रेसर बंद होताना कॉन्टॅक्टर सुटतो, ठिणगी पडते, आणि मोकळी पिन म्हणजे छोटासा अँटेनाच. ती ठिणगी तिनं ऐकली. प्रोसेसर बेवारस हँडलरमध्ये गेला आणि गोल फिरत बसला. टेबलावर हे कधीच झालं नाही, कारण टेबलावर आम्ही कॉन्टॅक्टरच्या जागी बल्ब लावला होता.

आणि वॉचडॉग? तो असतो अशाच वेळेसाठी: प्रोग्रॅमनं ठरावीक वेळात "मी जागा आहे" सांगितलं नाही तर चिप रीसेट करणारा टायमर. ते सांगायचं काम मी टायमरच्या इंटरप्टमध्ये घातलं होतं, आणि दिवा लुकलुकवायचंही. टायमरचा अग्रक्रम वरचा, त्यामुळे खाली मुख्य प्रोग्रॅम मेलेला असताना तो रात्रभर इमानदारीत वॉचडॉगला सांगत राहिला की सगळं ठीक आहे. हे वाचून कोणी एम्बेडेडवाला हसत असेल तर हसू दे. ही चूक पाठ्यपुस्तकातली आहे. मी ते पुस्तक वाचलं होतं.

दुरुस्ती दीड दिवसात झाली. राहिलेली ओळ काढली, पिनला रेझिस्टर लावला, कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर ठिणगी शोषणारा स्नबर बसवला. वॉचडॉगला आता मुख्य प्रोग्रॅम सांगतो, तेही सगळ्या कामांनी हजेरी दिल्यावरच. बेवारस हँडलर आता कोणत्या नंबरची हाक होती ते लिहून ठेवतो आणि बोर्ड रीसेट करतो. रीसेट झाल्यावर तो आधी दूध किती अंशांवर आहे ते बघतो, बाकी नंतर. आणि सरांच्या आग्रहानं एक मोजणी घातली: ज्या ज्या हाकेला दारात कोणी नव्हतं, तिची.

या मोजणीनं दुसऱ्याच आठवड्यात एक गंमत दाखवली. दूध ढवळणाऱ्या पंख्याचा वेग मोजायला एक सेन्सर आहे. दर फेऱ्याला एक हाक. मोजणीत त्या तारेवर खऱ्या हाका जितक्या, जवळजवळ तितक्याच खोट्या. बाहेरचा गोंगाट इतका शिस्तीचा नसतो. कारण सापडलं ते असं: हँडलरच्या अगदी शेवटच्या ओळीत मी सेन्सरच्या बाजूची खूण पुसत होतो. प्रोसेसर लिहिण्याची आज्ञा देऊन मोकळा होतो, पण ती खूण प्रत्यक्ष पुसली जायला जरा वेळ लागतो. तोवर हँडलर संपलेला, तार अजून वर, म्हणून तोच हँडलर पुन्हा सुरू. प्रत्येक खऱ्या हाकेचा आमचाच प्रतिध्वनी. खूण पहिल्याच ओळीत पुसली आणि लिहिणं पुरं होईपर्यंत थांबायची एक सूचना घातली, की भुतं गेली. जुन्या बोर्डांवर पंख्याचा वेग अधूनमधून दुप्पट दिसायचा तो यामुळेच. आम्ही दोन वर्षं त्याला नॉइज म्हणत होतो.

नवा प्रोग्रॅम टाकायला मी बाइकवरून गेलो. पुणे-नाशिक रस्त्यानं चाकण, मंचर, मग नारायणगाव, आणि तिथून आत वळलं की खोडदच्या दिशेला जीएमआरटीच्या डिश दिसायला लागतात. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० डिश, त्यातल्या १४ एका चौरस किलोमीटरच्या आसपास आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या. ही जागा निवडण्यामागे रेडिओ गोंगाट कमी असणं हे एक कारण होतं, आणि तरीही विजेच्या तारांवरच्या ठिणग्या तिथल्या शास्त्रज्ञांना छळतातच. ठिणगी म्हणजे रेडिओ ट्रान्समीटर, हे मार्कोनीच्या काळापासून ठाऊक आहे. मला ते माझ्या पिननं शिकवलं.

केंद्रात काकांनी चहा दिला. नासलेल्या दुधाचे पैसे कंपनीनं बिलातून वळते केले होते, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, की त्या दिवशी प्रत्येकाला टाकी उघडून दाखवावी लागली, कारण दिवा चालू होता हे सांगितल्यावर कोणाचा विश्वासच बसेना. मी नवा प्रोग्रॅम टाकला, तीन वेळा कॉम्प्रेसर बंद-चालू केला आणि डिस्प्लेवरचं नवं पान दाखवलं. त्यावर शून्य होतं.

"हा आकडा कसला?"

"काका, बेल वाजली आणि दारात कोणीच नव्हतं, असं किती वेळा झालं त्याचा."

"मग तेव्हा मशीननं काय करायचं?"

"बघायचं, लिहून ठेवायचं आणि कामाला लागायचं."

चार महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा केंद्रात डोकावलो. काका बाहेर गेले होते. टेबलावर रोजचं रजिस्टर उघडं होतं: तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ, तापमान. तापमानाच्या पुढे समासात पेन्सिलीनं एक नवा रकाना आखलेला होता, त्याला शीर्षक नव्हतं. रोजचा आकडा लिहिलेला. ०, ०, ०, १, ०, ०, ३. तीनच्या पुढे बारीक अक्षरात: वळीव, लाइट गेली.